बाबा, स्टोव्ह कोणता घ्यावा?

३ ऑक्टोबर

बाबा,

पाकीट उघडल्यावर तुम्ही आधी खालची सही बघता आणि मग वाचायचं की नाही ते ठरवता. म्हणून सही वरच करते. मी पारा. हे नाव तुम्हीच ठेवलंत, लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात, माझा चढता-उतरता स्वभाव बघून. हवामान खात्यातल्या माणसाला सुनेसाठी दुसरं काय सुचणार म्हणा.

घरचं काही नाही, कामाचं आहे. तुमच्या मुलाशी माझं आता काही भांडण नाही. कोर्टाने ते आमच्या दोघांच्या वतीने मिटवून टाकलं.

मला एक स्टोव्ह घ्यायचाय.

मी अजून वन्यजीव खात्यातच आहे. दर हिवाळ्यात वरच्या तळ्याकाठी जाऊन बर्फातले कोल्ह्यांचे आणि रानमांजरांचे माग मोजायचे, हे काम अजून माझ्याकडेच आहे. मागच्या हिवाळ्यात ते अर्धवट राहिलं. आम्ही गॅसचे छोटे डबे नेले होते. खाली ते उत्तम चालतात. वर गेल्यावर डबा हलवला की आत गॅस डुचमळताना ऐकू यायचा, पण बर्नरवर ज्योत काजव्याएवढी. थंडीत आतल्या द्रवाची वाफच होईना. वर पाणी म्हणजे बर्फ वितळवून जे होईल तेच, हे तुम्हाला सांगायला नको. चहूकडे बर्फ आणि प्यायला घोटभर पाणी नाही. एक सहकारी चक्कर येऊन पडला, त्याला धरून खाली आणलं आणि मोजणी तिथेच थांबली.

यंदा साहेब म्हणाले, "तुम्हाला थंडीतलं कळतं, स्टोव्ह तुम्हीच ठरवा." याचा अर्थ, बिघडला तर तुम्ही निस्तरा.

दुकानदार तीन प्रकार दाखवतो. एक गॅसचाच, पण नळीवाला. त्यात डबा उलटा ठेवायचा, म्हणजे द्रवच नळीतून येतो आणि बर्नरच्या आचेने त्याची वाफ होते. दुसरा नुसत्या पेट्रोलचा. तिसरा बहुइंधनी, एकाच बर्नरवर पेट्रोल, रॉकेल, डिझेल, जे मिळेल ते जाळणारा. तो जड आहे, आवाज विमानासारखा करतो आणि पेटवायच्या आधी त्याची मनधरणी करावी लागते. दुकानदाराचा कल गॅसकडे आहे. माझा तिसऱ्याकडे, कारण शेवटच्या गावात रॉकेल आणि डिझेल सोडून काही मिळत नाही. पण मन धजत नाही. यंदा माझ्याबरोबर दोन नव्या मुली आहेत, त्यांनी बर्फात एकही मुक्काम केलेला नाही.

तुम्ही डोंगरावरच्या वेधशाळेच्या खोलीत हिवाळेच्या हिवाळे एकट्याने काढलेत. तुमच्याइतके स्टोव्ह पेटवलेलं दुसरं माणूस माझ्या ओळखीत नाही. तुम्ही काय घ्याल?

घटस्फोटाआधी घरी सगळ्यांची बैठक झाली, तिच्याबद्दल मी काही विचारणार नाही. सगळे मला बोलत होते आणि तुम्ही मिठाची गुळणी धरून बसला होतात, ते झालं. हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते आणि तरी लिहिलंच. खोडत नाही, शाईचं पेन आहे.

पारा

२० ऑक्टोबर

बाबा,

कार्ड मिळालं. अक्षर ओळखलं. 'रॉकेल' या शब्दाखाली तुम्ही दोन रेघा मारल्यात, म्हणजे वाद घालायचा नाही, हेही ओळखलं.

मी थोडा घातलाच, स्वतःशी. पेट्रोल पटकन पेटतं आणि भांडंही कमी काळं करतं. पण तुम्ही लिहिलंत ते खरं आहे: जे पटकन पेटतं ते नको तेव्हाही पटकन पेटतं. तंबूच्या तोंडाशी, हातमोजे घातलेल्या हातांनी, नवख्या पोरींच्या शेजारी मला तसला भडका नको. शिवाय कडक थंडीतलं पेट्रोल हातावर सांडलं तर कातडी जागच्या जागी गोठते, हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं. डिझेल थंडीत मेणचट होऊन नळीत अडकतं. ते फक्त अडल्या वेळी.

तेव्हा बहुइंधनी घेतला. ऑफिसच्या मागच्या अंगणात चालवून पाहिला. जेट, म्हणजे ज्यातून इंधन फवारतं ती भोकाची टोपणं, दोन आली आहेत, एक मोठ्या भोकाचं, एक बारीक. तुम्ही लिहिलंत तसं रॉकेलसाठी मोठं लावलं. बर्नरखालच्या बशीत थोडं रॉकेल पेटवून बर्नर तापवला, पंप मारला, झडप उघडली. ज्योत पिवळीजर्द आली आणि धूर इतका, की रखवालदार पाण्याची बादली घेऊन धावत आला. भांड्याचं बूड अजून निघालेलं नाही. मग बारीक जेट लावून पाहिलं. स्टोव्ह जरा खोकला, फुरफुरला आणि मग निळा होऊन घुमायला लागला. तुमच्या जुन्या स्टोव्हचं वेगळं असेल.

बाकी सगळं तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. बाटली गळ्यापर्यंत भरली नाही, दाबाला जागा ठेवली. खाली ठेवायला प्लायवुडचा तुकडा कापून घेतला, नाहीतर स्टोव्ह आपल्याच उष्णतेने बर्फात रुतून बसेल. रखवालदाराने विचारलं, हे कोणी शिकवलं. मी म्हटलं, सासऱ्यांनी. ते पटकन तोंडातून गेलं.

तुमची तब्येत कशी आहे ते कार्डावर नव्हतं. गुडघा?

पारा

११ नोव्हेंबर

बाबा,

तुमच्या मुलाचा फोन आला होता. आवाज ऐकून आधी मला वाटलं, तुमचंच काही बरंवाईट झालं.

"तू बाबांना स्टोव्हबद्दल काही लिहिलंस का?"

"लिहिलं."

"त्यांनी माळ्यावरचा जुना स्टोव्ह काढला. तुला बरोबर उत्तर द्यायचं म्हणून बाल्कनीत पेटवून बघत होते. पेटवला आणि आत येऊन पेपर वाचत बसले. पडदा गेला. खालच्या मजल्यावरच्यांनी आरडाओरडा केला म्हणून निभावलं."

मग त्याने बाकीचं सांगितलं. दूध ठेवून विसरता म्हणून घरच्यांनी तुम्हाला स्वयंपाकघरात जाऊ देणं बंद केलंय. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन घरचा रस्ता विचारलात. एकदा त्याच्याच तोंडाकडे बघून त्यालाच विचारलंत, की तो कामावरून कधी येणार. हे सांगताना तो थांबला. आमच्या लग्नाच्या एवढ्या वर्षांत मी त्याला बोलताना असा अडखळलेला पाहिला नव्हता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. त्या गोळ्यांनी फरक पडेलच असं नाही म्हणे.

शेवटी म्हणाला, "तू पत्र लिहिणं थांबव असं मी म्हणत नाही. पत्राची वाट बघतात ते. पण यातलं काही त्यांना लिहू नकोस. वाईट वाटतं त्यांना."

मी लिहितेय. आपल्याबद्दल सगळे आपल्या पाठीमागे बोलतात आणि आपण खोलीत शिरलो की हवापाण्याच्या गप्पा सुरू करतात, हे कसं लागतं ते मला माहीत आहे. त्या घरात शेवटचं वर्ष मी तसंच काढलं. तुमच्या बाबतीत मी त्यातली एक होणार नाही.

तेव्हा सरळ सांगते. जेटचं तुम्ही उलट लिहिलं होतंत. रॉकेलला बारीक, पेट्रोलला मोठं. जुन्या स्टोव्हचं वेगळं असेल, असं मी लिहिलं ती माझी पळवाट होती. नव्या स्टोव्हबरोबरच्या पुस्तिकेत स्पष्ट छापलंय, आणि मी ते वाचूनही तुमचं आधी करून पाहिलं, कारण तुमच्या दोन रेघांवर माझा छापील अक्षरापेक्षा जास्त विश्वास आहे. अंगणात तेवढ्याने फक्त भांडं काळं झालं. वर तसं झालं असतं तर?

दोन रात्री विचार केला, की आता तुम्हाला विचारणं बंद करावं का. पण कार्डावरच्या इतर सगळ्या गोष्टी मी एकेक करून ताडून पाहिल्या. बाटली, फळी, वाऱ्याला आडोसा म्हणून पत्र्याची पट्टी, बंद तंबूत स्टोव्ह कधी म्हणजे कधीच लावायचा नाही हे. सगळं चोख. एक चुकलं. माझ्या साहेबांचं प्रमाण याच्या उलट आहे आणि त्यांना मी रोज विचारते.

म्हणून मी विचारत राहणार. फक्त तुम्ही सांगाल ते तपासून घेईन. राग आला तर तसं लिहा, पण गप्प बसू नका.

पुढचा प्रश्न: पंपाच्या चामडी वॉशरला कुठलं तेल द्यायचं?

पारा

२ डिसेंबर

बाबा,

आठ दिवस रोज पेटीत बघत होते. आज कार्ड आलं.

"तपासून घेत जा. मीही हल्ली तेच करतो. पातळ मशीनचं तेल. घरातलं खायचं तेल नको." आणि खाली, वेगळ्या शाईत: "पडदा तसाही भिकार होता."

ऑफिसात एकटीच हसत बसले.

पुढच्या आठवड्यात निघतोय. नव्या दोघींपैकी एक खूप उंच आहे, तिला झोपायच्या पिशवीत पाय दुमडून घालावे लागतात. दुसरी अखंड बोलते, आम्ही तिला रेडिओ म्हणतो. ड्रायव्हरकाका शेवटच्या गावात थांबतील. दोघींना स्टोव्ह डोळे बांधून खोलायला आणि जोडायला शिकवलंय. उंचने विचारलं, "याची खरंच गरज आहे का, मॅडम?" मी म्हटलं, नसली तर परत आल्यावर मला शिव्या दे.

पारा

५ जानेवारी

बाबा,

सुखरूप परत आलो. मोजणी पूर्ण झाली. पण एकदा जिवावर बेतलं होतं. ते मी ऑफिसच्या अहवालात दोन ओळींत उरकलंय. तुम्हाला नीट सांगते.

पहिले काही दिवस स्टोव्ह गुणी पोरासारखा वागला. सकाळी बशीत रॉकेल पेटवायचं, नळी तापेपर्यंत धीर धरायचा, मग हळूच झडप उघडायची. भांड्याच्या तळाशी आदल्या दिवशीचं घोटभर पाणी राखून ठेवायचं, मग त्यात बर्फ टाकायचा, नाहीतर कोरडा बर्फ करपतो. बर्फ करपतो यावर रेडिओचा विश्वास नव्हता. तिला चव दाखवली.

मग वारा सुटला. दिवसभर चालून आम्ही तळ्याच्या पलीकडे पोचलो, तेव्हा उजेड जायला आला होता. तंबू लागला, मी स्टोव्ह मांडला आणि पंप मारला. दांडा नुसताच आत-बाहेर होत राहिला. दाब नाही. मागच्या मुक्कामावर मशीनच्या तेलाची छोटी बाटली सांडली होती, आणि सकाळी मी वॉशरला स्वयंपाकाचं तेल लावलं होतं. हो, तुम्ही नको म्हटलेलंच. एका वेळेला काय होतंय, असं मनाशी म्हणून. ते थंडीत गोठून मेणासारखं झालं होतं आणि वॉशर आक्रसून कडक पडला होता.

तोपर्यंत रेडिओ गप्प झाली होती. मला ते आधी जाणवलंच नाही, उलट बरं वाटत होतं. उंच म्हणाली, "मॅडम, ही नीट बोलत नाहीये." जवळ जाऊन पाहिलं तर ती काहीतरी सांगत होती, पण जीभ जड पडल्यासारखं. हात थरथरत होते. दिवसभर ती जेमतेम पाणी प्यायली होती, बाटली पाठीवर गोठली म्हणून, आणि आम्हाला सांगायला लाजली.

मी उंचला सांगितलं, तिला कोरडे कपडे घालून पिशवीत घाल आणि तूही तिच्याजवळ शीर. आणि पंप काढून जाकिटाच्या आत, पोटाला लावून बसले. लोखंड आणि प्लॅस्टिक पोटाला किती गार लागतं ते मी आता कोणालाही सांगू शकते. जरा ऊब लागल्यावर वॉशर उपसला, गोठलेलं तेल रुमालाने पुसलं, चामड्याची कड अंगठ्याने सगळीकडून बाहेर फाकवली. लावायला तेल नव्हतं. उंच पिशवीतूनच म्हणाली, "ओठांना लावायचं मलम चालेल?" तिच्या आतल्या खिशातलं, म्हणून ते मऊ होतं. तेच चोपडलं.

पहिल्या दाबाला काही नाही. दुसऱ्याला दांड्याने हाताला मागे ढकललं. बाबा, तो धक्का हाताला इतका बरा वाटला, की मी तिथेच बर्फात बसकण मारली. मग उठून बशी पेटवली. घाई करून नळी तापायच्या आत झडप उघडावीशी वाटत होती. उघडली नाही. तेवढं मात्र तुमचं ऐकलं.

निळी ज्योत आली. कोमट पाणी साखर घालून रेडिओला चमच्या-चमच्याने पाजलं, मग गरम बाटल्या भरून तिच्या काखेत दिल्या. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "हा स्टोव्ह फार मोठ्याने बोलतो." उंच म्हणाली, "तुला स्पर्धा आली." तेव्हा मला कळलं, की आता ठीक आहे.

खात्याने असले आणखी स्टोव्ह मागवलेत. सगळ्या नव्या लोकांना ते पेटवायला शिकवायचं आहे, एक दिवस, खालच्या मैदानावर, जिथे बर्फ असतो पण गाडी जाते. साहेबांनी ते माझ्या गळ्यात टाकलं. मी म्हटलं, मी शिकवीन, पण माझ्याबरोबर माझे गुरुजी येतील.

तुमच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "तुझ्या जबाबदारीवर." मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "कानटोपी विसरतात ते. आणि गोळ्या दुपारी." म्हणजे हो म्हणाला.

मी न्यायला येते. जाड मोजे दोन जोड घाला.

पारा

१८ फेब्रुवारी

बाबा,

काल फोनवर तुम्ही विचारलंत, "आपण त्या मैदानावर कधी जायचं?" मी म्हटलं, जाऊन आलो. तुम्ही म्हणालात, "असं होय," आणि फोन तुमच्या मुलाकडे दिलात. तुमचा आवाज पडला होता. म्हणून झालं तसं सगळं लिहिते. हे तुमचं आहे, तुमच्याजवळ असायला हवं.

आपण सकाळी निघालो. गाडीत तुम्ही ड्रायव्हरकाकांना ढग दाखवून सांगितलंत, की दुपारनंतर वारा फिरेल. काकांनी मानेनेच हो केलं, मोठ्या माणसाला करतात तसं. दुपारनंतर वारा फिरला. परतताना काका तुम्हाला 'साहेब' म्हणत होते.

मैदानावर दहा-बारा जण होते, उंच आणि रेडिओसुद्धा. मी तुमच्या शेजारी गुडघे टेकून बसले होते, कारण तसं मी तुमच्या मुलाला वचन दिलं होतं. तुम्हाला जेट दोन्ही दाखवली. तुम्ही हातात घेऊन बघत राहिलात, कुठलं ते ठरेना. सगळे बघत होते. मग तुम्ही माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणालात, "मी हे हल्ली विसरतो. म्हणून हिला विचारतो. तुम्हीही विसराल, थंडीत डोकं चालत नाही. तेव्हा एकट्याने ठरवायचं नाही." मी बारीक जेट बोटाने दाखवलं. तुम्ही लावलंत.

त्यानंतर मला काही सांगावं लागलं नाही. तुमच्या हातांना सगळं ठाऊक होतं. पंप मारताना तुम्ही मोजत नव्हता, दांडा किती जोराने मागे येतो ते बघत होता. बशीतली आग विझत आली तशी झडप किंचित उघडलीत, ज्योत पिवळी उसळली, तुम्ही हललाही नाहीत, आणि ती निळी झाली. कोणीतरी टाळ्या वाजवायला गेलं तर म्हणालात, "गप्प. आवाज ऐका. हा आवाज बदलला की समजायचं, काहीतरी बिघडतंय." सगळे बर्फात वाकून एका स्टोव्हचा आवाज ऐकत होते. मी बघत होते.

पाणी उकळलं, चहा झाला. मला वाटलं, पहिला कप तुम्ही मला द्याल. तुम्ही स्वतः घेतलात. थंडी होती, बरं केलंत.

परतताना तुम्हाला झोप लागली असं मला वाटलं. शहर जवळ आल्यावर तुम्ही डोळे न उघडता बोललात. ते जसंच्या तसं लिहिते: "त्या बैठकीत मी बोलायला हवं होतं. मला माहीत होतं तुझी चूक नाही. मुलगा दुखावेल म्हणून बोललो नाही. दोघंही दुखावलात."

मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत नसेल. आधी मी खिडकीबाहेर बघत होते, कारण काका आरशातून बघत होते. मग म्हटलं, "बोललात ना आता."

तुम्ही म्हणालात, "उद्या विसरेन मी हे."

मी म्हटलं, "मी नाही विसरणार."

गुरुवारी तुम्हाला डॉक्टरांकडे न्यायचंय. तुमचा मुलगा बाहेरगावी आहे, त्याने मला विचारलं, मी हो म्हटलंय. दहा वाजता खाली गाडी येईल. मीच असेन.

पारा